वेशीतला माणूस

"अजून जरा वाका," फोटोवाला म्हणाला. "तुमी वाकले की वेस उंच दिसते."

मी वाकलो.

सकाळची वेळ. गावाच्या जुन्या दगडी वेशीत मी उभा होतो. नेसायला धोतर, खांद्यावर काळी घोंगडी, हातात घुंगरं बांधलेली काठी. धोतर शाळेच्या गॅदरिंगला कपडे भाड्यानं देणाऱ्याकडून आणलेलं. त्याला दुसऱ्याच कोणाच्या तरी पावडरीचा वास येत होता. समोर मेथी-पालकाच्या जुड्या मांडून बसलेल्या बाया, चहाची टपरी, मंगरूळपीरच्या गाडीची वाट पाहणारी माणसं. सगळी पाहत होती. त्यातली निम्मी मला ओळखतात. मी नगर परिषदेत आवक-जावकच्या टेबलावर बसतो. शहरातला प्रत्येक अर्ज माझ्या हातून आत जातो.

"काय बाबू," टपरीवरून एक जण ओरडला, "जुन्या ड्युटीवर का?"

सगळे हसले. फोटोवालाही हसला. मीही हसलो. दुसरं काही सुचलंच नाही. त्या हसण्याची अजून शिसारी येते मला.

"चपला," सोबत आलेले गुरुजी म्हणाले. "चपला काढा. हातात घ्या. त्या काळी कोणी वेसकर चपला घालून वेशीतून गेला नाही. ऐतिहासिक अचूकता पाहिजे."

मी चपला काढल्या. एका हातात काठी, एका हातात चपला. पायाखाली कबुतरांची घाण होती.

मग गुरुजी स्वतः पुढे आले. माझ्या पाठीवर हात ठेवला आणि दाबला. थोडं खाली. थोडं डावीकडे. "असा. अगदी असा. मी लहानपणी पाहिलंय ना. एक वेसकर रोज इथं असाच उभा राहायचा. काय ती नम्रता! आता कुठं राहिली?"

बरेच फोटो काढले. प्रत्येक फोटोनंतर मी सरळ व्हायचो आणि प्रत्येक फोटोआधी गुरुजींचा हात पाठीवर यायचा. शेवटी शेवटी हात यायच्या आधीच मी वाकायला लागलो.

हे कसं झालं ते सांगतो. आमचं गाव वाशीम जिल्ह्यातलं, तालुक्याचं. नाव सांगत नाही, सांगितलं तर गावातले बाकीचे उगाच बदनाम होतील. नवे नगराध्यक्ष निवडून आले. त्यांना सगळे भाऊ म्हणतात. भाऊंच्या मनात आलं की शहराला स्वतःचं बोधचिन्ह पाहिजे. लेटरहेडवर, पाण्याच्या टँकरवर, कचऱ्याच्या गाडीवर, कराच्या पावतीवर. "मोठ्या शहराईले असते. आपल्याले काहून नाई?" असं त्यांचं म्हणणं. लगेच समिती झाली.

समितीत गुरुजी होते. निवृत्त मुख्याध्यापक. गावाचा इतिहास लिहितात. त्यांनी मला शिकवलंय. वाईट माणूस नाही. छडी सगळ्यांना सारखी मारायचे, आणि माझं अक्षर चांगलं म्हणून फळ्यावर सुविचार लिहायला मलाच बोलवायचे. हे मुद्दाम सांगतो. वाईट माणसानं हे केलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

बैठकीची टिपणं घ्यायला मी होतो. कोणी म्हणालं संत्रं घ्या. कोणी म्हणालं सोयाबीन. सोयाबीन गोल चित्रात कसं दिसेल यावर बराच वाद झाला. शेवटी वेस ठरली. वेस ना मंदिराची, ना दर्ग्याची. तिच्यावर वाढदिवसाचे फ्लेक्स सगळ्यांचेच लागतात.

मग गुरुजी म्हणाले, "नुसती वेस म्हणजे दगड. तिच्यात माणूस पाहिजे. वेसकर दाखवा. गावाचा राखणदार."

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. "माणूस तं इथंच बसून राह्यला. बाहेरून कायले आणा लागते?"

बैठक खो खो हसली. गुरुजी हसले नाहीत. ते गंभीरपणे म्हणाले, "यांचं घराणं वेसकरीचंच. हा त्यांच्या समाजाचा सन्मान होईल."

मुख्याधिकारी साहेबांनी मान डोलावली. साहेबांनी मान डोलावली की माझ्यासाठी तो आदेश.

आणि खरं सांगू? मला आतून थोडं बरं वाटलं होतं. राखणदार. माझा आजा गावची वेस राखायचा, एवढं मला माहीत होतं. त्याचा एकही फोटो आमच्या घरात नाही. भिंतीवर बुद्धाची तसबीर आहे, आईचा हार घातलेला फोटो आहे. आजा नाही. मला वाटलं, छाती काढून उभा असलेला माणूस काढतील. दिवस मावळला की अख्ख्या गावाचं दार ज्याच्या हातात होतं, तो माणूस. एमए झालेला मी, सरकारी कागदाचा अर्थ लावून पोट भरतो, आणि मला असं वाटलं.

वेशीतल्या त्या फोटोवरून चित्र तयार होऊन आलं. नारंगी गोल. मधोमध वेस. वेशीच्या कमानीखाली काळाठिक्कर माणूस, नुसता आकार. चेहरा नाही. चेहरा त्यांना लागतच नव्हता. वाकलेली पाठ, एका हातात काठी, दुसऱ्या हातात चपला. खाली शहराचं नाव आणि त्याखाली 'वारसा परंपरेचा, ध्यास विकासाचा'. ही ओळ भाऊंच्या मेव्हण्यानं सुचवली.

सर्वसाधारण सभेत मंजुरी घेण्याआधी लोकांच्या हरकती मागवायचं ठरलं. म्हणून बस स्टँडवर भला मोठा फ्लेक्स लागला. नमुना म्हणून कचऱ्याच्या एका गाडीवरही चित्र काढलं. ती गाडी आमच्याच वस्तीत यायची. गाणं वाजवत यायची, आणि तिच्या अंगावर मी.

तेव्हापासून तो चित्रातला माणूस माझ्या मागे लागला.

ऑफिसात साहेबांनी हाक मारली की मी उठायच्या आधी तो उठायचा. केबिनच्या दारात माझी मान आपोआप खाली जायची, आणि मला कळायचं, हा मी नाही, हा तो. दाढी करताना आरशात पाठ दिसत नाही, तरी मी पाठच पाहत होतो. घरी येऊन चपला काढायचो तर त्या हातातच राहायच्या. कुठं ठेवायच्या ते आठवायचं नाही. प्रमिला, माझी बायको, म्हणायची, "अहो, ठेवा ना खाली." घुंगरं वाजायची. घरात घुंगरं नाहीत. शेजारच्या बकरीच्या गळ्यात आहेत, ती असतील, असं मी मनाला सांगायचो. पण बकरी विकली त्यानंतरही वाजायची. मला भीती वाटायला लागली. वेड लागतंय की काय, असं वाटायला लागलं.

घरी मी कोणाला काही सांगितलं नव्हतं. फोटो काढला त्या दिवशी प्रमिला शाळेत पोरांची खिचडी शिजवत होती. नंतर वस्तीतल्या बायांनी तिच्या कानावर घातलं. तिनं मला विचारलं नाही. आबा, म्हणजे माझे वडील, तेव्हा किन्हीराजाला माझ्या बहिणीकडे गेलेले होते.

आबा परत आले ते स्टँडवर उतरून, पायी. दारात येऊन बसले. प्रमिलानं पाणी दिलं तर गडवा तसाच हातात धरून बसले.

"मले माया बाप दिसला," आबा म्हणाले.

मला वाटलं ऊन लागलं.

"स्टँडवर. मोठा फोटो लावला हाय ना. तो माया बाप हाय. पाठीवरून वळखला मी." मग म्हणाले, "पण त्याच्या हातात चपला काहून देल्या? त्याच्या तं पायात होत्या."

"आबा, वेसकर लोक चपला हातात घेत," मी म्हणालो. गुरुजींचंच वाक्य मी माझ्या बापाला ऐकवत होतो.

"घेत होते. दीक्षा घेतली त्याच्या आगुदर. मंग नाई."

आणि आबांनी सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा. आईलाही बहुतेक सांगितलं नसावं.

छप्पन साली आमच्या लोकांनी दीक्षा घेतली. आजा घरी आला आणि घुंगराची काठी त्यानं चुलीत घातली. दुसऱ्या दिवशी पायात चपला घालून वेशीकडे निघाला. आबा लहान होते, त्याचं बोट धरून होते. मान वर करून आजा वेशीतून आत गेला. आत लोक उभे होते.

"कोण लोक?" मी विचारलं.

"गाव," आबा म्हणाले. "नावं घेऊन काय करतं? त्यातलं कोणी राह्यलं नाई. त्यानं माया हात सोडला. म्हणे, तू घरी जाय. मी गेलो नाई. कंबरेत मारलं त्याले. पडला तरी मारून राह्यले होते. तवापासून त्याची पाठ कई सरळ झालीच नाई, बाबू."

पण आजा घरी बसला नाही. उठून चालता आलं त्या दिवसापासून रोज वेशीत जायचा. साध्या काठीवर रेलून, कमरेत मोडलेला, पायात चपला. ज्या जागी पाडलं त्याच जागी उभा राहायचा. कोणाला जोहार नाही, रामराम नाही. येणारेजाणारे त्याला वळसा घालून जायचे. मरेपर्यंत त्यानं हे केलं.

म्हणजे गुरुजींनी लहानपणी पाहिलेला वेसकर हाच. आबांच्याच वयाचं ते पोर. वेशीतून शाळेत जाताना त्यानं एक वाकलेला माणूस रोज पाहिला. वाकलेला का आहे, हे त्याला घरी कोणी सांगितलं नाही. मग पोर मोठं झालं, मुख्याध्यापक झालं, इतिहास लिहायला लागलं. गावानं मोडलेल्या कंबरेला नम्रता म्हणालं. हात ठेवून तीच कंबर त्यानं माझ्या अंगात उतरवली. थोडं खाली. थोडं डावीकडे. आजा डाव्या अंगाला कलायचा, आबा म्हणाले.

माझ्या अंगावर काटा आला. मी म्हणालो, "आबा, फोटोत मी हाय."

त्यांनी गडवा खाली ठेवला.

"त्याले मारून वाकवलं," आबा म्हणाले. "तुले कोणी मारलं?"

"कोणी नाई."

"मंग तू काहून वाकला?"

ते रागावले नव्हते. त्यांना खरंच कळत नव्हतं. ओरडले असते, थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. साहेबांची मान, गुरुजींचा हात, टपरीवरचं हसू, यातलं काहीही त्यांना सांगण्यासारखं नव्हतं. मी कोणाच्याही काठीशिवाय वाकलो होतो. ते मला त्या दिवशी समजलं आणि तेव्हापासून मी पूर्वीचा माणूस राहिलो नाही.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी हरकत लिहिली. हरकती माझ्याच टेबलावर येतात. मीच लिहिली, मीच घेतली, मीच शिक्का मारला आणि पोचही मलाच दिली. शेजारच्या टेबलावरचा बाबू डोळे फाडून पाहत होता.

साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. "अरे, फोटो तुझा आणि हरकतही तुझीच? लोक हसतील."

"हसून झाले, साहेब," मी म्हणालो. केबिनच्या दारात तो वाकलेला माणूस उभा होता. मी त्याच्या बाजूनं सरळ बाहेर आलो.

सभेच्या दिवशी मी हरकतींची फाईल घेऊन भिंतीला लागून उभा होतो. बाकीच्या हरकती किरकोळ. नारंगीऐवजी हिरवा घ्या, शहराचं नाव मोठं करा. मग माझी आली. नियमानं सचिवांनी ती वाचायची. ते वाचायला लागले आणि मध्येच थांबले. म्हणून मी बोललो. बिनपरवानगी. कोणती भाषा बोलावी हेही ठरवलं नव्हतं, जी तोंडात आली ती बोललो.

"या फोटोतला माणूस मी हाय. अन् मी ज्याच्यासारखा उभा राह्यलो तो माया आजा हाय. तो नमस्कार करून नाई राह्यला. त्याची कंबर मोडली हाय. या वेशीतून चपला घालून गेला म्हणून गावानं मोडली. हे चित्र तुमी पाण्याच्या टँकरवर लावून राह्यले."

गुरुजी पाहुण्यांच्या खुर्चीत होते. उठले. "मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय त्याला."

"तुम्ही पाहिलं ते बरोबर आहे, गुरुजी," मी म्हणालो. "काय पाहिलं ते तुम्हाला कळलं नाही."

गुरुजी खाली बसले. चष्मा काढला, पुसला, परत घातला. मला वाटलं आता ते काहीतरी म्हणतील. सत्तर वर्षांत कोणी म्हटलं नाही ते म्हणतील. मी वाट पाहत होतो. मला मनापासून वाटत होतं की त्यांनी म्हणावं. माझे मास्तर होते ते.

ते म्हणाले, "असं असेल तर चित्रातून माणूस काढून टाकावा. वाद नको."

भाऊंनी टेबलावर थाप मारली. "बराबर. काढा मंग. नुस्ती वेस बी मस्त दिसते."

"काढू नका," मी म्हणालो. "सरळ उभा करा. अन् खाली त्याचं नाव लिहा."

"तू कर्मचारी हायेस," भाऊ म्हणाले. "खाली बस."

मला खुर्ची दिलेलीच नव्हती. मी उभाच राहिलो. हात वर झाले, ठराव पास झाला. आमच्या वस्तीतून निवडून आलेल्या सदस्यानंही हात वर केला. बाहेर आल्यावर मला म्हणाला, "तुयं काम झालं ना गा? अजून काय पाह्यजे?"

खरंच, सगळ्यांना वाटतं माझं काम झालं. नवं चित्र आलं. वेस मोकळी. आजा उभा होता तिथं आता आरपार नारंगी उजेड आहे. पाहणारे म्हणतात, आधीच्यापेक्षा सुटसुटीत झालं. मला तिथं तो जास्तच दिसतो. आधी निदान काळ्या रंगात होता, आता कशातच नाही. त्याला पाडला होता तेव्हा तो उठून परत त्याच जागी आला. या वेळी त्यांनी जागाच पुसली, तीसुद्धा सभ्यपणे, माझ्या भावनांचा आदर करून.

मला नोटीस आली. कर्मचारी असून सभेत विनापरवानगी का बोललात, खुलासा करा. नोटिशीच्या माथ्यावर मोकळी वेस छापली होती. साहेबांनी आत बोलावून समजावलं. "दोन ओळी लिहून दे. भावनेच्या भरात बोललो म्हण. मी मिटवून टाकतो." साहेब वाईट नाहीत. माझ्या गोष्टीत कोणीच वाईट नाही.

घरी प्रमिलाला सांगितलं की नोकरीवर येऊ शकतं. ती म्हणाली, "तुमी झोपता बी वाकून आजकाल. मी पाहून राह्यली कवाची. नोकरीचं पाहू. हे नको मले."

मी दोन ओळी लिहून दिल्या. 'मी भावनेच्या भरात बोललो नाही, पूर्ण शुद्धीवर बोललो. परवानगी मागितली असती तर मिळाली नसती, आणि पुढच्या सभेत मी पुन्हा बोलणार आहे.' साहेबांनी वाचलं आणि माझ्याकडे न पाहता फाईलला लावलं.

सोमवारी वाशीमला जातोय. जिल्हाधिकाऱ्यांकडे ठराव रद्द करायचा अर्ज द्यायचा आहे. वस्तीत सह्यांसाठी फिरलो. काहींनी केल्या, काहींनी मला पाहून दार लोटून घेतलं. आबा सोबत येतो म्हणतात. अर्ज फेटाळला तर पुढं जाऊ. नोकरी गेली तर सह्या गोळा करायला मला दिवस मोकळा मिळेल.

माझ्या आज्याचं नाव किसन होतं. या शहराच्या कोणत्याही भिंतीवर, कोणत्याही पाटीवर ते नाही. ते वेशीत लिहिलं जाईपर्यंत या शहराचं कोणतंही चिन्ह मला मान्य नाही. तो मार खाऊन हटला नाही. मी ठरावानं हटणार नाही.